जटिल संयुगांची नावे व त्यांचा पुरावा

रसायनशास्त्रात पदार्थाचे नाव ही केवळ खूण नसते. पुष्कळदा ते त्याच्या संरचनेविषयी केलेले विधान असते. विधान म्हटले की त्याला पुरावा हवा. धातूंच्या जटिल संयुगांचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

फ्रेमी या फ्रेंच रसायनज्ञाने १८५२ मध्ये कोबाल्टच्या अमोनियायुक्त क्षारांना रंगांवरून नावे दिली. पिवळा तो ल्युटिओ, गुलाबी तो रोझिओ. याच रीतीने पुढे हिरवा प्रासिओ व जांभळा व्हायोलिओ ठरला. ही नावे डोळ्यांना दिसते त्यापलीकडे काही सांगत नव्हती.

एथिलीनडायअमीन या सेंद्रिय लिगंडचे उदाहरण घेऊ. त्याचा प्रत्येक रेणू आपल्या दोन नायट्रोजन अणूंनी धातूला दोन ठिकाणी धरतो. कोबाल्ट क्लोराइडच्या विद्रावात तो मिसळून हवेचा झोत सोडावा व संहत हायड्रोक्लोरिक अम्ल घालून विद्राव आटवावा, म्हणजे हिरवे स्फटिक मिळतात. ते तापवून त्यांतील जादा अम्ल घालवावे लागते. हाच हिरवा क्षार पाण्यात विरघळवून विद्राव वाफेवर आटवला की जांभळा क्षार हाती येतो. दोहोंचे घटक व त्यांचे प्रमाण एकच. ताज्या, थंड विद्रावात सिल्व्हर नायट्रेट घातले असता दोहोंतही तीनपैकी एकाच क्लोरीनचा अवक्षेप तत्काळ मिळतो. मग भेद कशात?

वेर्नरने १८९३ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार कोबाल्टभोवतीच्या सहा जागा अष्टफलकाच्या कोपऱ्यांवर असतात. दोन क्लोरीन शेजारी असतील तर सिस, समोरासमोर असतील तर ट्रान्स. सिस रूप आपल्या आरशातील प्रतिमेशी जुळत नाही, ट्रान्स जुळते. म्हणून ध्रुवित प्रकाशाची पातळी विरुद्ध दिशांना वळवणारी दोन रूपे केवळ सिसचीच वेगळी करता आली पाहिजेत. एका क्लोरीनच्या जागी अमोनिया असलेल्या निकटच्या सिस संयुगाची अशी रूपे वेर्नर व त्याचा शिष्य किंग यांनी १९११ मध्ये वेगळी केली. वेर्नरला १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

रंगावर विसंबणे किती धोक्याचे, हे चार अमोनिया व दोन नायट्रो गट असलेल्या कोबाल्टच्या क्षारांवरून कळते; त्यांची सिस व ट्रान्स ही दोन्ही रूपे पिवळ्याच छटांची आहेत. तेव्हा प्रबंधात ‘सिस’ हा शब्द लिहिणाऱ्याने तो वर्णपटाच्या, क्ष-किरण चित्रणाच्या किंवा अन्य स्वतंत्र प्रमाणाच्या आधारेच लिहावा. एरवी ते नाव नव्हे, अनुमान होय.