गाठ एका जागी, झीज सर्व हाडांत

हाड ही आयुष्यभर मोडणारी आणि नव्याने बांधली जाणारी जिवंत ऊती आहे. जुने हाड विरघळवणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट आणि नवे घडवणाऱ्या पेशींना ऑस्टिओब्लास्ट म्हणतात. कर्करोगाची गाठ या दोहोंमधला समतोल बिघडवते, आणि त्यासाठी ती हाडातच असावी लागते असे नाही.

इंग्लंडमधील शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी तपासून दाखवले की, रोगाचा प्रसार कुठेही योगायोगाने होत नाही. बी सर्वत्र उडाले तरी ते अनुकूल जमिनीतच रुजते, आणि हाड ही अशीच एक जमीन आहे. ती अनुकूल का, हे पुढे उलगडले. हाडात शिरलेल्या कर्करोगपेशी पीटीएचआरपी नावाचे प्रथिन स्रवतात, त्यामुळे ऑस्टिओब्लास्ट रँकएल हा संकेतरेणू वाढवतात, त्याने ऑस्टिओक्लास्ट चेतवले जातात, आणि हाड विरघळताना त्यात साठलेले वाढकारक घटक मोकळे होऊन त्या कर्करोगपेशींनाच पोसतात. प्रोस्टेटच्या कर्करोगात मात्र बहुधा उलट घडते: नवे हाड भराभर तयार होते, एक्स-रेमध्ये ते दाट पांढरे दिसते, पण त्याची रचना विस्कळीत असल्याने तेही ठिसूळच असते.

याहून कमी ओळखला जाणारा धोका दूरवरून येतो. फुप्फुसातील काही गाठींचे पीटीएचआरपी रक्तावाटे संपूर्ण सांगाड्यात पोहोचते, त्यामुळे हाडात एकही कर्करोगपेशी नसताना सर्वत्र झीज सुरू होते, मूत्रपिंडेही कॅल्शियम रोखून धरतात आणि रक्तातील त्याचे प्रमाण चढते. अतिशय तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता आणि गोंधळलेपण ही त्याची लक्षणे वय किंवा अशक्तपणा यांच्या माथी मारली जातात, हे फार खेदाचे आहे, कारण साध्या रक्ततपासणीत कॅल्शियमची वाढ कळते आणि तिच्यावर उपचार करता येतात. रोग मणक्यांत पसरला असेल तर धोका वेगळा असतो: कर्करोगाच्या रुग्णाची पाठ रात्रीही दुखत राहिली, पाय लुळे पडू लागले किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मज्जारज्जूवर दाब आल्याची शक्यता असते. अशा वेळी एक दिवसही थांबू नये.

इस्ट्रोजेन किंवा टेस्टोस्टेरॉन कमी करणारे उपचारही हाडे विरळ करतात, म्हणून ते सुरू होतानाच हाडांची घनता मोजावी. झोलेड्रॉनिक आम्ल आणि रँकएलला रोखणारे डेनोसुमॅब ही औषधे झीज आवरतात, मात्र क्वचित जबड्याचे हाड मृत होऊ शकत असल्याने ती घेण्याआधी दातांची तपासणी आणि दात काढण्याची कामे उरकून घेतली जातात.