अरब समाजांतील स्त्रिया : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अरब लीगचे २२ सदस्य देश आहेत. अटलांटिक किनाऱ्यावरील मोरोक्कोपासून ओमानपर्यंत पसरलेल्या या प्रदेशात ४५ कोटींच्या आसपास लोक राहतात. कतारसारखी अतिश्रीमंत तेलराष्ट्रे त्यात आहेत, तसे युद्धाने होरपळलेले येमेन आणि सुदानही आहेत. स्त्रीचे स्थान इथे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते : देशाचा कौटुंबिक कायदा, तिथली अर्थव्यवस्था आणि राज्यसत्ता नागरिकांना देत असलेली मोकळीक. या तिन्ही बाबतींत देशादेशांत मोठा फरक आहे. तो लक्षात न घेतल्यामुळेच बहुतेक गैरसमज रूढ झाले आहेत.

गैरसमज १ : अरब म्हणजे मुसलमान; म्हणून इराण-अफगाणिस्तानातील बातम्या अरब स्त्रियांनाही लागू पडतात.

वस्तुस्थिती : अरब ही प्रामुख्याने भाषा आणि संस्कृती यांवरून ठरणारी ओळख आहे. जगातील मुसलमानांपैकी साधारण पाचवा हिस्साच अरब आहे. सर्वाधिक मुस्लिम लोकसंख्येचा देश इंडोनेशिया आहे. इराण, तुर्कस्तान, अफगाणिस्तान आणि पाकिस्तान हे अरब देश नाहीत. इराणमधील हिजाबसक्ती किंवा तालिबानने मुलींच्या शाळांवर घातलेली बंदी यांवरून कैरो किंवा ट्युनिसमधल्या स्त्रीबद्दल काहीच कळत नाही.

दुसरीकडे सगळे अरब मुसलमानही नाहीत. इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिश्चन, तसेच लेबनॉन, सीरिया, इराक आणि पॅलेस्टाईनमधील ख्रिश्चन समाज अरब जगाचे जुने घटक आहेत. त्यांच्या स्त्रियांचे विवाह-घटस्फोट चर्चच्या नियमांनी चालतात. कॉप्टिक स्त्रीला घटस्फोट मिळणे अनेकदा मुस्लिम स्त्रीपेक्षाही अवघड जाते. लेबनॉनमध्ये १८ मान्यताप्राप्त पंथ आहेत, पण देशात नागरी विवाहाची सोय नाही. त्यामुळे पंथाबाहेर लग्न करू पाहणारी जोडपी बहुधा सायप्रसला जाऊन नोंदणी करून येतात.

गैरसमज २ : स्त्रीसुधारणेचा विचार अरबांना पाश्चात्त्यांनी अलीकडे शिकवला.

वस्तुस्थिती : या विचाराला तिथे सव्वाशे वर्षांहून अधिक काळाची परंपरा आहे. हिंद नौफल यांनी १८९२ मध्ये अलेक्झांड्रियातून ‘अल-फतात’ हे स्त्रियांचे मासिक सुरू केले. १८९९ मध्ये कासिम अमीन यांच्या ‘तहरीर अल-मरआ’ म्हणजे ‘स्त्रीमुक्ती’ या पुस्तकाने कैरोत मोठा वाद पेटवला. १९१९ च्या ब्रिटिशविरोधी उठावात इजिप्तच्या स्त्रिया मोर्चे काढून रस्त्यावर उतरल्या. त्यांच्या नेत्या हुदा शाअरावी यांनी १९२३ मध्ये इजिप्शियन स्त्रीवादी संघ स्थापन केला. त्याच वर्षी रोममधील आंतरराष्ट्रीय परिषदेहून परतताना त्यांनी कैरो रेल्वे स्थानकावर चेहऱ्यावरचा पडदा जाहीरपणे दूर सारला. ट्युनिशियात ताहर हद्दाद या धर्मशिक्षण घेतलेल्या कामगार कार्यकर्त्याने १९३० मध्ये शरियतच्याच आधारे स्त्रियांच्या हक्कांची मांडणी केली आणि त्यासाठी बहिष्कार सोसला.

वसाहतवादी राज्यकर्ते मात्र सोयीपुरतेच स्त्रीवादी होते. १८८३ ते १९०७ या काळात इजिप्तचा कारभार ज्यांच्या हाती होता, ते लॉर्ड क्रोमर इस्लाममधील स्त्रीच्या स्थितीवर कडाडून टीका करत. इंग्लंडला परतल्यावर याच क्रोमर यांनी स्त्रियांच्या मताधिकाराला विरोध करणाऱ्या पुरुषांच्या संघटनेचे अध्यक्षपद भूषवले. त्यामुळे अरब देशांत स्त्रीप्रश्नाची सांगड पाश्चात्त्य सत्तेशी घातली गेली. ‘हे बाहेरचे खूळ आहे’ हा सनातन्यांचा आक्षेप इतका टिकाऊ ठरला, त्यामागे हा इतिहासही आहे.

गैरसमज ३ : अरब स्त्रियांना मताधिकार नव्हता किंवा अगदी अलीकडे मिळाला.

वस्तुस्थिती : आखाती देशांपुरते हे बरेचसे खरे आहे. कुवेतमध्ये स्त्रियांना हा हक्क २००५ मध्ये मिळाला, तर सौदी स्त्रियांनी २०१५ च्या नगरपालिका निवडणुकीत प्रथमच मतदान केले. बाकीच्या प्रदेशाचे चित्र वेगळे आहे. सीरियाने १९४९ मध्ये, सुरुवातीला शिक्षणाच्या अटीवर, स्त्रियांना मताधिकार दिला. लेबनॉनने १९५२ मध्ये तेच केले. इजिप्तमध्ये १९५१ साली दोरिया शफीक यांच्या नेतृत्वाखाली सुमारे दीड हजार स्त्रिया संसदेत घुसल्या. १९५६ च्या संविधानाने हक्क दिला आणि पुढच्याच वर्षी दोन स्त्रिया संसदेवर निवडून आल्या. १९५९ मध्ये इराकच्या मंत्रिमंडळात डॉ. नझीहा अल-दुलैमी यांचा समावेश झाला. अरब जगातील त्या पहिल्या स्त्री-मंत्री मानल्या जातात. तुलनेसाठी, स्वित्झर्लंडमध्ये संघराज्य पातळीवर स्त्रियांना मत १९७१ मध्ये मिळाले.

मात्र जिथे निवडणुकाच नावापुरत्या असतात, तिथे स्त्रीच्याच काय, पुरुषाच्या मतालाही फारसे वजन नसते. संयुक्त अरब अमिरातींच्या राष्ट्रीय परिषदेत २०१९ पासून निम्मे सदस्य स्त्रिया आहेत, पण ही परिषद मुख्यतः सल्लागार स्वरूपाची आहे.

गैरसमज ४ : शरियतवर आधारलेला कौटुंबिक कायदा बदलता येत नाही.

वस्तुस्थिती : हे कायदे संसदा किंवा राजे करतात आणि ते वारंवार बदलले आहेत. ट्युनिशियाने स्वातंत्र्य मिळताच १३ ऑगस्ट १९५६ रोजी नवी कौटुंबिक संहिता जाहीर केली. तिने बहुपत्नीत्व बेकायदा ठरवले, तोंडी तलाक बंद केला आणि घटस्फोट मागण्याचा हक्क पती-पत्नी दोघांनाही न्यायालयामार्फत दिला. तत्कालीन पंतप्रधान हबीब बुर्गिबा यांनी धर्म नाकारला नाही. सर्व पत्नींना समान न्याय देणे माणसाला शक्य नाही, म्हणून एकपत्नीत्व हाच कुराणाचा आशय आहे, असा युक्तिवाद त्यांच्या बाजूने मांडला गेला.

इजिप्तने २००० मध्ये ‘खुला’चा मार्ग कायद्यात आणला. त्यापूर्वी पत्नीला घटस्फोटासाठी पतीकडून होणारा त्रास सिद्ध करावा लागे आणि खटले वर्षानुवर्षे चालत. आता मेहेर (लग्नात पतीने दिलेली रक्कम) परत करून आणि आर्थिक हक्क सोडून ती दोष सिद्ध न करता मोकळी होऊ शकते. हा तोडगाही इस्लामी परंपरेतूनच शोधला गेला. त्याची किंमत मात्र उघड आहे : ज्या स्त्रीकडे स्वतःचे उत्पन्न नाही, तिला हे स्वातंत्र्य परवडत नाही.

मोरोक्कोच्या २००४ च्या ‘मुदव्वना’ या कौटुंबिक संहितेने मुलींच्या लग्नाचे किमान वय १८ केले, कुटुंबाची जबाबदारी पती-पत्नींची संयुक्त ठरवली आणि सज्ञान स्त्रीला पालकाशिवाय स्वतःचे लग्न ठरवण्याची मुभा दिली. पण न्यायाधीशाला वयात सूट देण्याचा अधिकारही ठेवला. त्या पळवाटेतून पुढील काळात दरवर्षी हजारो अल्पवयीन मुलींची लग्ने होत राहिली.

वारशाच्या बाबतीत प्रगती सर्वांत कमी आहे. मुलीला मुलाच्या निम्मा वाटा हा नियम ट्युनिशियातही कायम आहे. तो बदलण्याचा राष्ट्राध्यक्ष बेजी काईद एसेब्सी यांचा २०१८ मधील प्रस्ताव मंजूर झाला नाही. परदेशी पुरुषाशी लग्न केलेल्या स्त्रीला आपले नागरिकत्व मुलांना देता यावे, म्हणून इजिप्तने २००४ मध्ये, अल्जीरियाने २००५ मध्ये आणि मोरोक्कोने २००७ मध्ये कायदे सुधारले. लेबनॉन, जॉर्डन आणि अनेक आखाती देशांत हा हक्क अजूनही पुरुषालाच आहे.

गैरसमज ५ : बलात्काऱ्याने पीडितेशी लग्न केल्यास शिक्षा माफ, ‘इभ्रती’साठी केलेल्या खुनाला सौम्य शिक्षा, या तरतुदी शरियतमधून आल्या.

वस्तुस्थिती : या तरतुदींची मुळे बऱ्याच अंशी १८१० च्या फ्रेंच दंडसंहितेत आहेत. ऑटोमन आणि वसाहतकालीन कायद्यांतून ती अरब देशांत पोहोचली आणि स्थानिक पितृसत्तेने ती आनंदाने जोपासली. पत्नीला व्यभिचारात पकडून तिचा खून करणाऱ्या पतीला सवलत देणारे कलम फ्रान्सने १९७५ मध्ये काढले. इटलीने अशी दोन्ही प्रकारची कलमे १९८१ मध्ये रद्द केली.

अरब देशांत ही कलमे स्त्री-संघटनांच्या लढ्यामुळे हटली. लग्नाच्या बदल्यात बलात्काऱ्याला माफी देणारे कलम इजिप्तने १९९९ मध्ये काढले. मोरोक्कोत एका अल्पवयीन मुलीने अशा लग्नानंतर २०१२ मध्ये आत्महत्या केली. देशभर संताप उसळला आणि २०१४ मध्ये तिथेही ते रद्द झाले. ट्युनिशिया, जॉर्डन आणि लेबनॉन या तिघांनी २०१७ मध्ये आपापली कलमे हटवली.

गैरसमज ६ : स्त्रियांची सुंता ही अरबांची इस्लामी प्रथा आहे.

वस्तुस्थिती : ही प्रथा इस्लामपूर्व आहे आणि तिचा पट्टा नाईल खोऱ्यापासून आफ्रिकेत पसरलेला आहे. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लेबनॉन आणि जॉर्डन येथे ती जवळपास नाहीच. माली, इथिओपिया अशा अरबेतर देशांत ती आहे, आणि इजिप्तमध्ये मुसलमानांबरोबर ख्रिश्चनांतही आढळते. इजिप्तमध्ये तिचे प्रमाण भयावह आहे : २०१४ च्या पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील विवाहित किंवा पूर्वी विवाह झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे ९२ टक्के स्त्रियांची सुंता झालेली होती. या प्रथेला इस्लामी धर्मशास्त्राचा आधार नाही, असे कैरोतील अल-अझहर या इस्लामी विद्यापीठाच्या संशोधन परिषदेने २००७ मध्ये जाहीर केले. २००८ मध्ये इजिप्तने तिला गुन्हा ठरवले. २०१६ आणि २०२१ मध्ये शिक्षा वाढवली. तरीही ती चालूच आहे आणि बऱ्याचदा डॉक्टरांकडूनच केली जाते. म्हणजे कायदा झाला तरी प्रथा लगेच संपत नाही.

गैरसमज ७ : बुरखा आणि सवती हे अरब स्त्रीच्या वाट्याला येतातच.

वस्तुस्थिती : बहुतेक अरब देशांत डोके झाकण्याची कायदेशीर सक्ती नाही. उलट काही सरकारांनी पडद्यावर बंदी घातली आहे. ट्युनिशियाने १९८१ च्या परिपत्रकाने सरकारी संस्थांत हिजाबला मनाई केली होती. २०१८ मध्ये अल्जीरियाने सरकारी कर्मचाऱ्यांना चेहरा झाकण्यास बंदी केली. इजिप्तने २०२३ मध्ये शाळांत चेहरा झाकणाऱ्या नकाबला मज्जाव केला. श्रद्धा, कुटुंबाचा दबाव, आजूबाजूच्यांची रीत, रस्त्यावरची छेडछाड, राजकीय भूमिका अशा अनेक कारणांनी स्त्रिया हिजाब घालतात किंवा टाळतात. पोशाखावरून स्त्रीचे स्वातंत्र्य मोजता येत नाही.

बहुपत्नीत्व ट्युनिशियात बेकायदा आहे. मोरोक्कोत त्याला न्यायालयाची परवानगी लागते आणि नव्या विवाहांत त्याचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी आहे. आखाती देशांत ते तुलनेने जास्त आढळते, पण तिथेही बहुसंख्य विवाह एकपत्नीच असतात.

गैरसमज ८ : अरब स्त्रिया अशिक्षित आहेत, शिकल्या की बाकीचे प्रश्न आपोआप सुटतील.

वस्तुस्थिती : या समजाचे दोन्ही भाग चुकीचे आहेत. सौदी अरेबियात मुलींसाठी सरकारी शाळा १९६० मध्ये विरोध पत्करून सुरू झाल्या. आज तिथे पदवीधरांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या बरोबरीला आले आहे. ट्युनिशियाच्या विद्यापीठांत साठ टक्क्यांहून अधिक विद्यार्थिनी आहेत, आणि कतार विद्यापीठात त्यांचे प्रमाण त्याहून मोठे आहे. विज्ञान-अभियांत्रिकीतही अरब विद्यार्थिनींचा वाटा अनेक युरोपीय देशांपेक्षा जास्त आहे. अमिरातींच्या ‘होप’ या मंगळयानाच्या वैज्ञानिक चमूत बहुसंख्य स्त्रिया होत्या. येमेन आणि मोरोक्कोचा ग्रामीण भाग येथे मात्र स्त्री-निरक्षरता आजही मोठी आहे.

शिक्षणाने नोकरीची हमी दिलेली नाही. अरब देशांत काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे वीस टक्के आहे. जगाची सरासरी पन्नासच्या जवळ असताना हा आकडा सर्व प्रदेशांत नीचांकी आहे. तेलाच्या उत्पन्नावर चालणाऱ्या अर्थव्यवस्थेत स्त्रियांना सामावून घेणारे कापड किंवा जोडणीचे कारखाने फारसे उभे राहत नाहीत. सुशिक्षित स्त्रिया शिक्षिका किंवा कारकून म्हणून सरकारी नोकरीत जात. ती भरती अनेक देशांत आटली. खासगी नोकरीत कामाचे लांबलचक तास, असुरक्षित प्रवास आणि पाळणाघरांचा अभाव आडवा येतो. काही देशांच्या कायद्यांत पतीच्या संमतीविना नोकरी करणाऱ्या पत्नीचा निर्वाहखर्चाचा हक्क धोक्यात येतो.

गैरसमज ९ : सौदी स्त्रिया गाडी चालवू लागल्या, म्हणजे आता सारे ठीक आहे.

वस्तुस्थिती : बदल खरा आहे. १९९० मध्ये ४७ स्त्रियांनी रियाधमध्ये बंदी झुगारून गाड्या चालवल्या आणि त्याची शिक्षा भोगली. २४ जून २०१८ रोजी ती बंदी उठली. २०१९ पासून २१ वर्षांवरील स्त्रियांना पुरुष पालकाच्या परवानगीशिवाय पासपोर्ट मिळतो आणि प्रवास करता येतो. २०१७ च्या सुमारास सौदी स्त्रियांपैकी साधारण पाचवा हिस्सा श्रमशक्तीत सहभागी होता; पाचच वर्षांत हे प्रमाण एक तृतीयांशाच्या वर गेले.

पण बंदी उठण्याच्या काही आठवडे आधी, त्याच हक्कासाठी लढणाऱ्या लुजैन अल-हथलूल आणि इतर कार्यकर्त्यांना अटक झाली. लुजैन फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटल्या. २०२२ च्या कौटुंबिक कायद्याने लग्नासाठी स्त्रीला पुरुष पालक आवश्यक असल्याचे लेखी पक्के केले. राजाज्ञेने दिलेले हक्क राजाज्ञेने काढूनही घेता येतात.

प्रगती उलटही फिरू शकते. इराकचा १९५९ चा कौटुंबिक कायदा प्रदेशातील पुरोगामी कायद्यांत गणला जाई. जानेवारी २०२५ मधील दुरुस्तीने विवाह-वारशाचे विषय पंथीय धर्मशास्त्रानुसार ठरवण्याची वाट मोकळी केली आणि इराकी स्त्री-संघटनांनी तिला विरोध केला. ट्युनिशियात २०२१ मध्ये नजला बूदेन अरब जगातील पहिल्या स्त्री-पंतप्रधान झाल्या, पण २०२२ च्या निवडणूक कायद्यातून स्त्री-पुरुष उमेदवारांच्या समान संख्येची अट गेली आणि संसदेतील स्त्रियांची संख्या घटली.

अरब स्त्रियांनी शिक्षणात मोठा पल्ला गाठला आहे. रोजगारात आणि कौटुंबिक कायद्यात मजल अपुरी आहे. जिथे सुधारणा टिकली, तिथे कायद्यासोबत स्वतंत्र संघटनाही उभ्या होत्या. म्हणून ‘अरब स्त्री’बद्दल कोणतेही विधान करण्यापूर्वी ते कोणत्या देशाबद्दल, कोणत्या कायद्याबद्दल आणि कोणत्या काळाबद्दल आहे, हे विचारले पाहिजे.