सोनमाशाची वाढ आणि त्याचा शेजार

हुबळी आणि धारवाड यांना जोडणाऱ्या हमरस्त्यावरील रायापूरसारख्या वस्तीत, जिथे दिवाणखाना बेताचा आणि हौस मात्र दांडगी, तिथे तिपाईवरच्या काचेच्या गोल भांड्यात फिरणारा केशरी सोनमासा, म्हणजे सर्वपरिचित गोल्डफिश, हे गृहशोभेचे स्वस्त साधन समजले जाते. परंतु सुमारे १००० वर्षांपूर्वी चीनमध्ये सुंग राजवटीच्या काळात निवड करकरून पैदा केलेला हा मासा कार्प कुळातला, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याचाच भाऊबंद आहे, एवढे ध्यानी घेतले तरी त्याच्याविषयीचे बरेच समज आपोआप निकालात निघतात.

गैरसमज : मासा टाकीच्या मापाने वाढतो, टाकी लहान तर मासाही लहान.

वस्तुस्थिती : साधा सोनमासा आणि लांब शेपटीचा कॉमेट यांची पूर्ण वाढ २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत होते, आणि ओरांडा, ब्लॅक मूर यांसारख्या गोलमटोल जाती १५ ते २० सेंटिमीटरच्या होतात. लहान भांड्यात वाढ खुंटते हे खरे, पण ती भांड्याशी जुळवून घेतल्याने नव्हे, तर माशाच्याच उत्सर्गातून साचणारा अमोनिया कल्ले पोळतो आणि प्रकृती खालावत जाते म्हणून. अशा माशाकडे जवळून पाहिले, तर डोळे देहाच्या मानाने मोठे, पाठ किंचित वाकलेली आणि पोट खपाटीला गेलेले दिसते. ही लक्षणे समाधानाची नसून उपासमारीच्या व विषबाधेच्या जोडीची आहेत. इंग्लंडमधला टिश नावाचा सोनमासा ४३ वर्षे जगून १९९९ मध्ये मेला, हे पाहता भांड्यातल्या माशाचे एक-दोन वर्षांचे आयुष्य नैसर्गिक मानण्याचे कारण उरत नाही.

गैरसमज : रोज सगळे पाणी बदलले की गोल भांडे पुरते.

वस्तुस्थिती : अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू गाळणीच्या स्पंजात व तळाच्या खडीत वस्ती करतात, आणि ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात, गाळणी नसलेल्या व रोज घासूनपुसून स्वच्छ केलेल्या भांड्यात ती धड बसतच नाही. रोम शहराने २००५ मध्ये गोल भांड्यांवर बंदी घातली, ती उगाच नव्हे. दोन गोलमटोल माशांसाठी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच, म्हणजे सुमारे १९० लिटरची पेटी असावी. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे, आणि सौंदत्तीच्या जलाशयातून हुबळी-धारवाडला नळाने येणारे मलप्रभेचे पाणी क्लोरिन उडून जाण्यासाठी उघड्या बादलीत एक अहोरात्र ठेवून मगच घालावे.

गैरसमज : रंगीत मासे म्हटले की सगळे एका पेटीत नांदतात.

वस्तुस्थिती : शेजाराची तजवीज करताना तीन गोष्टी तपासाव्यात : पाण्याचे तापमान, पोहण्याचा वेग आणि तोंडाचा आकार. सोनमाशाला १८ ते २२ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते, तर एंजल आणि निऑन टेट्रा २४ ते २८ अंशांत सुखी असतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवरच्या हुबळी-धारवाडच्या पट्ट्यात हिवाळ्यात हीटर न लावता ज्या पाण्यात सोनमासा खुशाल राहतो, ते पाणी एंजलला मात्र गारठवते. गप्पीसारखे इवले मासे वाढत्या सोनमाशाच्या तोंडात सहज मावतात, आणि टायगर बार्ब त्याच्या शेपटीचे लचके तोडतात. किंबहुना सोनमाशांच्या दोन जातीही एकत्र नांदतील असे नाही, कारण चपळ कॉमेट दाणे फस्त करून मोकळा होतो तोवर डुलत येणाऱ्या ओरांड्याच्या वाट्याला रिकामे पाणीच येते.

गैरसमज : सकर मासा ठेवला की पेटीची सफाई आपोआप होते.

वस्तुस्थिती : सकर काचेवरचे शेवाळ खातो, पण स्वतःची भरपूर घाणही त्याच पाण्यात करतो, शिवाय वाढून फूटभराहून लांब होतो, आणि रात्री संथ सोनमाशाच्या कुशीला चिकटून अंगावरची बुळबुळीत साय खरवडतो. सकाळी कुशीवर फिकट, खरचटलेला डाग दिसला, तर संशयित सापडलाच म्हणून समजावे.

गैरसमज : मासा फार वाढला तर तळ्यात सोडणे हे पुण्यकर्म.

वस्तुस्थिती : अमेरिकेतील बर्न्सव्हिल येथील केलर तलावात २०२१ मध्ये हातात न मावणारे सोनमासे सापडले, आणि नगरप्रशासनाला नागरिकांना उद्देशून जाहीर तंबी द्यावी लागली, कारण हा मासा तळ ढवळतो, पाणी गढूळ करतो आणि स्थानिक माशांचा चारा बळकावतो. हुबळीतल्या उणकल तळ्याच्या काठी उभे राहून असे पुण्य जोडण्याचा मोह कोणाला झाला, तर त्याने हा दाखला आठवावा आणि मासा एखाद्या मोठ्या पेटीच्या मालकाच्या हवाली करावा.

तात्पर्य, मासा घेण्यापूर्वी त्याच्या आजच्या दोन इंचांकडे न पाहता पूर्ण वाढलेल्या देहाचा हिशेब करून पेटी घ्यावी, सोबतीला त्याच्याच जातीचा, तितक्याच वेगाचा दुसरा मासा द्यावा, आणि तेवढी जागा घरात नसेल तर सोनमासा पाळूच नये.