काचेआडचा चेहरा

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या केज, धारूर, वडवणी, पाटोदा भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. घराला कुलूप लागते आणि भिंतीवरची तसबीर पाच-सहा महिने पत्र्याखाली एकटी राहते. पुष्कळ घरांत गेलेल्या आईचा, बापाचा तेवढाच एक फोटो असतो. निगेटिव्ह केव्हाच हरवलेली. म्हणून कोयता बांधण्याआधी मोबाईलवर त्याची नक्कल काढून ठेवावी. पण काढायला जावे तर आजोबांच्या कपाळावर फ्लॅशचा पांढरा गोळा आणि छातीवर आपलेच तोंड!

दोष मोबाईलचा नाही. काच असो की घासलेला तांब्या, समोर जे असेल तेच त्यात दिसणार. उजेड ज्या कोनात पडतो त्याच कोनात परत फिरतो. तेव्हा वस्तूपेक्षा तिच्यासमोर काय आहे, तिकडे आधी पाहावे.

फ्लॅश बंद करा. तसबीर उतरवून घरातच सावलीत उभी ठेवा, दाराचा उजेड एका बाजूने येऊ द्या. समोर उन्हातले अंगण नको. फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे दोघांनी काळी घोंगडी ताणून धरावी. काढणाऱ्यानेही गडद कपडे घालावेत, पांढरा सदरा काचेत हटकून उतरतो. दोन पावले मागे सरून, थोडे झूम करून, मोबाईल अगदी समोर धरा. बाजूने काढलेला चेहरा तिरपा येतो.

फोटो काचेला चिकटला असेल तर सोडवायला जाऊ नका. ओल लागून चिकटलेला थर ओढला की चेहराच काचेवर राहतो. काचेतूनच काढा.

पितळेची बुद्धमूर्ती किंवा लेकीला कबड्डीत मिळालेली ढाल यांचे तंत्र उलटे. तिथे काळोख नव्हे, पांढरे कापड लागते. खिडकी आणि मूर्ती यांच्यामध्ये धुतलेले धोतर ताणले की चटका देणारी चकाकी मऊ होते. दुसऱ्या बाजूला मात्र काळे काही ठेवावे, नाहीतर मूर्तीची कड पांढऱ्यात विरून जाते. पोलराइज्ड गॉगल कॅमेऱ्यापुढे धरून तिरप्या बाजूने पाहिले तर काचेवरची चमक कमी होते. पितळ-स्टीलवर त्याचा काही उपयोग नाही.

नक्कल नीट आली की तसबिरीमागच्या पुठ्ठ्यावरचे नाव, गाव, साल यांचाही फोटो घ्या. आणि दोन्ही फोटो दुसऱ्या टोळीत गेलेल्या भावाकडे पाठवून द्या. एकच मोबाईल फडात पडून फुटतो.