लोणावळ्याचा पाऊस आणि फ्रीबीएसडी

भुशी डॅमची वाट गर्दीने बंद, बाहेर धो-धो पाऊस. मग बंगल्याबंगल्यांत नेटफ्लिक्स सुरू! 😀 यामागे सगळं लिनक्सच असणार असं वाटतं ना? अर्धंच खरं.

लॉगिन, शिफारशी वगैरे ॲमेझॉनच्या क्लाउडवर, तिथे लिनक्सच. पण प्रत्यक्ष सिनेमा पाठवणारे ‘ओपन कनेक्ट’ सर्व्हर फ्रीबीएसडी या वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात. २०१२ पासून नेटफ्लिक्स हे सर्व्हर इंटरनेट कंपन्यांना देतं, म्हणजे सिनेमा ग्राहकाच्या जवळूनच निघतो.

फ्रीबीएसडीच का? त्यातली ‘सेंडफाइल’ सोय फाइल डिस्कवरून थेट नेटवर्कवर ढकलते, मध्ये प्रोग्रॅमच्या मेमरीत कॉपी करावी लागत नाही. टीएलएस एन्क्रिप्शनही कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच. २०२१ पर्यंत एकाच सर्व्हरमधून सेकंदाला ४०० गिगाबिट! शिवाय परवाना सैल: केलेले बदल जाहीर करायची सक्ती नाही. (तरी नेटफ्लिक्स बरेचसे बदल परत देतं, हे मला आवडतं.)

व्हॉट्सॲपनेही २०१२ मध्ये फ्रीबीएसडी आणि अर्लांग या प्रोग्रॅमिंग भाषेवर एका सर्व्हरला २० लाख जोडण्या पेलून दाखवल्या. फेसबुकने विकत घेतल्यावर मात्र ते लिनक्सवर गेलं, कारण फेसबुकची सारी यंत्रणाच लिनक्सची.

तरी माझं मत विचाराल तर आपल्याकडे सर्व्हरसाठी लिनक्सच, म्हणजे डेबियन किंवा अल्मालिनक्स घ्या. अडचण आली तर पुण्यात जाणकार लगेच मिळतो.

आणि तळेगाव-चाकणच्या कारखान्यांतल्या आयटीवाल्यांनो, सेंटओएस ७ या लिनक्सची मुदत ३० जून २०२४ लाच संपली. अजून चालवत असाल तर या महिन्यातच हलवा!