मोबाईलवरची अजान उशिरा का येते?

रमजानमध्ये आपल्या अनेक घरांत मोबाईलवर मक्केतली तरावीह लाइव्ह लावली जाते. काही ठिकाणी आपल्याच मशिदीची अजानही आता फोनवर ऐकली जाते. पण एकाच खोलीतल्या दोन फोनवर तीच अजान मागेपुढे का येते, हे आपण पाहू.

इंटरनेटवर व्हिडिओ सहसा अखंड धारेसारखा येत नाही. त्याचे काही सेकंदांचे तुकडे करतात. ॲपलने 2009 मध्ये आणलेल्या एचएलएस पद्धतीत 6 सेकंदांचा तुकडा सुचवला जातो. मक्का मुंबईपासून सुमारे साडेतीन हजार किलोमीटरवर. प्रत्येकाने तुकडा तिथूनच मागवला, तर मूळ सर्व्हरवर ताण येईल. म्हणून आपल्या जवळच्या सर्व्हरवर त्याची प्रत ठेवतात. यालाच कॅशिंग म्हणतात. पहिल्याने मागितलेला तुकडा लांबून येतो, बाकीच्यांना जवळची प्रत मिळते.

तयार तुकडा बदलत नाही, म्हणून तो जास्त वेळ ठेवता येतो. नवीन तुकडा कोणता, ही यादी मात्र दर काही सेकंदांनी ताजी करावी लागते. जागा भरली की बहुतेक वेळा बराच काळ कोणी न मागितलेलं आधी काढलं जातं. म्हणून गाजलेलं बयान लगेच सुरू होतं आणि जुनं, कमी पाहिलेलं थोडं अडखळू शकतं.

आता उशिराचं कारण. तुकडा पूर्ण झाल्याशिवाय पुढे जात नाही. शिवाय मध्येच अडकू नये म्हणून फोन साधारण तीन तुकडे हाताशी ठेवतो. तीन गुणिले सहा, म्हणजे 18 सेकंद इथेच गेले. त्यात प्रवासाचा वेळ धरला तर ‘लाइव्ह’ अर्धा मिनिटही मागे असू शकतं.

इफ्तारला हा उशीर फार तर सब्र वाढवतो. सहरीला मात्र लाइव्ह अजान ऐकू येईपर्यंत आपण खात राहिलो, तर वेळ आधीच संपलेली असते. म्हणून सहरी मशिदीच्या वेळापत्रकावर आणि घड्याळावरच संपवावी. ॲपमध्ये साठवलेली अजान घड्याळावर वाजते, तिला हा उशीर लागू नाही. फक्त तिच्यातली वेळ आपल्या गावाची आहे ना, ते तपासावं.

आणखी एक गोष्ट. जवळच्या प्रतीमुळे व्हिडिओ लवकर सुरू होतो, पण आपला डेटा तेवढाच खर्च होतो. मुलांना तेच बयान पुन्हा पुन्हा ऐकायचं असेल, तर वायफायवर एकदाच डाउनलोड करून ठेवलेलं बरं.