बेचाळीसची मुंबई : गवालिया टँक ते परळ

बेचाळीस म्हटलं की आपण थेट ८ ऑगस्ट १९४२ च्या रात्रीवर, ‘भारत छोडो’ ठरावाच्या गवालिया टँक मैदानावर येऊन थांबतो. ती रात्र मोठीच होती. ते वर्ष मात्र तिच्याहून मोठं होतं. जपानशी लढायचं, इंग्रजांशी लढायचं, की एकाला हाताशी धरून दुसऱ्याला निपटायचं? या प्रश्नाला देशाने दिलेली बहुतेक उत्तरं गिरगाव ते दादर एवढ्या पट्ट्यात, ट्रामच्या टप्प्यात नांदत होती.

वर्ष उजाडलं ते धास्ती घेऊनच. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं, ८ मार्चला रंगून. एप्रिलमध्ये विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर जपानी बॉम्ब पडले. मुंबईत खिडक्यांच्या काचांवर काळे कागद चढले आणि चाळींतल्या बायकापोरांची गावाकडे रवानगी झाली. इंग्रज सरकारचा प्रस्ताव घेऊन क्रिप्स आले नि हात हलवत परत गेले.

९ ऑगस्टच्या पहाटे गांधीजींसह सगळे पुढारी उचलले गेले. संध्याकाळी शिवाजी पार्कवर सभा होती. ‘मी बोलेन’ म्हणून कस्तुरबा पुढे झाल्या, आणि बिर्ला हाउसमधून निघतानाच त्यांना अटक झाली. त्या पुन्हा घरी परतल्या नाहीत. फेब्रुवारी १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमध्येच गेल्या.

यानंतरची काँग्रेस रेडिओ या भूमिगत केंद्राची हकिगत मला सर्वांत जवळची वाटते. ते चालवणाऱ्या उषा मेहता तेव्हा अवघ्या बावीस वर्षांच्या. प्रक्षेपण ४२.३४ मीटरवर. पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढत फिरायच्या, म्हणून यंत्र घेऊन बिऱ्हाड सतत बदलायचं : चौपाटीवरचं सी व्ह्यू, लॅबर्नम रोडवरचा अजित व्हिला, गिरगावातली पारेखवाडी. वर्तमानपत्रांवर सेन्सॉरची कात्री असताना चिमूर-आष्टीच्या उठावाची बातमी लोकांपर्यंत पोचली ती अशा भाड्याच्या खोल्यांतून. १२ नोव्हेंबरला महालक्ष्मीजवळच्या पॅराडाइज बंगल्याची दारं पोलिसांनी फोडली. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली.

त्याच वर्षी शिवाजी पार्कच्या सावरकर सदनातून हिंदू तरुणांना सैन्यात शिरा, बंदूक हाती घ्या, असं आवाहन होत होतं. दादरच्या हिंदू कॉलनीतल्या राजगृहातून डॉ. आंबेडकर जुलैमध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून दिल्लीला गेले. फॅसिझम जिंकला तर दलितांना काहीच उरणार नाही, ही त्यांची भूमिका होती. आदल्याच वर्षी महार रेजिमेंट उभी राहिली होती. आणि परळ-लालबागेत लाल बावटा. रशियावर हल्ला झाल्यानंतर कम्युनिस्टांसाठी हे लोकयुद्ध झालं होतं. जुलैमध्ये पक्षावरची बंदी उठली. स्टालिनग्राडवर पुढे अण्णा भाऊ साठ्यांनी पवाडा रचला.

अहमदाबादच्या गिरण्या तीनेक महिने बंद राहिल्या. मुंबईच्या काही दिवसांत पुन्हा धडधडू लागल्या. त्यावरून गिरणगावाने बेचाळीसकडे पाठ फिरवली, असा ठपका अजून ठेवला जातो. मला तो अजिबात मान्य नाही. कम्युनिस्ट पक्षाचं गणित चुकलं, हे मी मानतो. जनतेचा संताप पक्षाला जोखता आला नाही. पण साचे चालवणाऱ्याला दोष कसा द्यायचा? महागाई भत्त्यासाठी १९४० मध्ये संप करून तो नुकताच पोळला होता. युद्धाच्या मागणीमुळे पाळ्या वाढल्या, मालकाचा नफा वाढला, आणि याच्या खोलीत दहा-पंधरा गाववाले दाटीने राहत होते.

त्याच्या गावचाच कुणी पलटणीत असायचा. २१ जूनला उत्तर आफ्रिकेतलं तोब्रुक पडलं तेव्हा तटबंदीच्या आग्नेय कोपऱ्यावर, जिथून जर्मन सेनापती रोमेलचे रणगाडे आत घुसले, तिथे मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण होती. सातारा-रत्नागिरीकडचे जवान युद्धकैदी झाले. गवालिया टँकच्या आधी दीड महिना! आपल्या ऑगस्ट क्रांतीच्या लेखांत या जवानांना एक ओळसुद्धा मिळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

रंगून पडल्याची खरी झळ गिरणगावाला वर्ष सरताना बसली. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला, आणि कोकणी कामगाराचं पोट भातावर. दुकानांपुढे रांगा लागल्या, काळाबाजार फोफावला, आणि १९४३ मध्ये मुंबईच्या घराघरांत रेशनकार्ड आलं.